सकाळचा फेरा

१

पावणेसातला पाच मिनिटं कमी असली की तारमास्तर चष्मा पुसायला घेत. फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो, असं त्यांची बायको बारा वर्षं विचारत होती आणि बारा वर्षं त्यांना उत्तर सुचलं नव्हतं. चष्मा पुसून झाला की स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून ते शिंप्याला फोन लावत.

“आहेस ना?”

“आहे.”

झालं. फोन बंद. मग शिंप्यानं आचाऱ्याला लावायचा, आचाऱ्यानं ड्रायव्हरला, ड्रायव्हरनं पोस्टमनला आणि पोस्टमननं परत मास्तरांना. पोस्टमनचा आवाज आला की फेरा पुरा. सगळे आहेत. मग मास्तर चहाचं आधण ठेवायला मोकळे.

हे पाचही जण एका तुकडीतले. डोंगरावरच्या चौकीत दोन हिवाळे त्यांनी एकत्र काढले होते. परत आले तेव्हा सगळ्यांचे हातपाय जागेवर होते, त्यामुळे घरच्यांनी धरून चाललं की सगळंच जागेवर आहे. तसं ते नव्हतं. चौकीवर मास्तर बिनतारी यंत्र सांभाळायचे म्हणून त्यांचं नाव तारमास्तर पडलं. आता बाजारातल्या गाळ्यात ते मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत. फेऱ्याची कल्पना त्यांचीच. चौकीवर दर तासाला शेजारच्या चौकीला साद घालायची आणि पुढून उत्तर आलं की निश्चिंत व्हायचं, तोच हा प्रकार.

नियम एकच होता, पण कडक. फोनवर दुसरं काही बोलायचं नाही. ‘कसा आहेस’ तर मुळीच विचारायचं नाही, कारण त्याला ‘मजेत’ हे उत्तर प्रत्येकाच्या जिभेवर तयार असतं. काय बोलायचं ते गुरुवारी, सगळे जमतात तेव्हा. आणि सातपर्यंत फेरा परत आला नाही, तर मास्तरांनी सायकल काढायची आणि जिथं तो तुटला असेल तिथं जायचं.

त्या बुधवारी फेरा पुरा झाला आणि मास्तरांची नजर सहज समोरच्या भिंतीवर गेली. बायकोनं तिथं नवं घड्याळ लावलं होतं, मोठ्या आकड्यांचं. सहा वाजून बावन्न मिनिटं. मास्तरांनी आधण ठेवलं, साखरेचा डबा उघडला आणि हात तसाच डब्यात राहिला. फेरा पूर्वी बावन्नलाच यायचा खरा. पण तो आचाऱ्यामुळे. नियम धाब्यावर बसवून तो ड्रायव्हरशी तीन-तीन मिनिटं बोलत बसायचा. आचारी जाऊन आता आठ महिने झाले होते. चौघांचा फेरा एकोणपन्नासला परत यायला हवा.

२

आचारी म्हणजे काय वल्ली होती! चौकीवर त्याच्या रश्श्यात बुडी मारली तरी बटाटा हाती लागायचा नाही, पण तो रस्सा वाढताना तो असा काही आव आणायचा की खाणाऱ्याला मेजवानीला बसल्यासारखं वाटावं. बर्फात अडकून शिधा संपत आला तेव्हा त्यानं आठ दिवस सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. कसं ते त्यानं कधीच सांगितलं नाही. तो स्वतः त्या आठ दिवसांत किती जेवला, हे मात्र त्याच्या कमरेचा पट्टा बघून सगळ्यांना कळलं होतं.

जेवताना तो नकला करायचा. साहेबांची, खेचराची, बिनतारीवर ओरडणाऱ्या मास्तरांची. मास्तर तेव्हा असे हसायचे की शेवटी त्यांना उचकी लागायची, आणि मग त्या उचकीवर बाकीचे हसायचे. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्यांच्या बायकोनं ते हसणं ऐकलं होतं. “तुमची ती उचकी कुठं गेली हो?” असं ती पुढे एकदोनदा म्हणाली, मग तिनं विचारणं सोडून दिलं. मास्तरांनाही ते हसणं आठवायचं; आपलंच, पण कुणाला उसनं देऊन बसल्यासारखं.

परत आल्यावर आचारी एका वसतिगृहात स्वयंपाक करू लागला. फेऱ्यात तो सगळ्यांत वक्तशीर, आणि सगळ्यांत नियम मोडणारा. ड्रायव्हर सर्वांत धाकटा, एकटा राहणारा, म्हणून त्याला हा रोज विचारायचा, “काही खाल्लंस का?” आणि तो ‘नाही’ म्हणाला की फोन चालू ठेवून त्याला अंडं उकडायला लावायचा. दुसऱ्याची इतकी चौकशी करणाऱ्या माणसाची चौकशी करायची राहून गेली.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी सात वाजले तरी फेरा परत आला नाही. मास्तरांना वाटलं, कुणाचा तरी फोन चार्ज झाला नसेल. मागे दोनदा तसं झालं होतं आणि त्यांनी उगाच गावभर सायकल दामटली होती. त्यांनी चहा घेतला. मग दुसरा घेतला. निघाले तेव्हा सात चाळीस झाले होते. आचाऱ्यानं आपला शेवट आपणच केला होता. दवाखान्यातला डॉक्टर हळहळून म्हणाला, “अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.”

मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं की मी सातला निघालो होतो. बायको त्या आठवड्यात माहेरी होती, त्यामुळे ते खोटं कुणाच्या लक्षात आलं नाही. गुरुवारची बैठक घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फेऱ्याचा क्रम तुम्ही बदलून द्याल ना?” ते ‘हो’ म्हणाले. क्रमाचा कागद त्यांच्या गाळ्यातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. बदलायचा म्हणजे आचाऱ्याच्या नावावर काट मारायची. आज मारू, उद्या मारू करता करता राहिलं. पण फेरा रोज वेळेवर परत येत होता. तेव्हा बाईंनीच शिंप्याला परस्पर सांगितलं असणार, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली.

३

गुरुवारची बैठक एका जुन्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत भरायची. बाकं लहान मुलांची. त्यावर हे धटिंगण गुडघे हनुवटीला लावून बसत आणि सुरुवातीची पाच मिनिटं कंबरेच्या तक्रारीतच जात. बाई अजून आल्या नव्हत्या. मास्तरांनी आडवळणानं विषय काढला.

“शिंप्या, सकाळी माझा फोन आला की तू पुढं कुणाला लावतोस?”

“कुणाला म्हणजे? आचाऱ्याच्या नंबरला.”

“अरे, पण आचारी...”

“ते मला कळतं रे. मी खांदा दिलाय त्याला.” शिंप्यानं कापडाच्या धाग्यांनी भरलेली बाही झटकली. “पण क्रम बदलायचा हुकूम तू दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी लावून बघितला, तर उचलला. म्हटलं, मास्तरनं नवा गडी घेतला असेल फेऱ्यात, आणि फोन त्याच्याकडे दिला असेल. जास्त विचारायचं नाही हा तुझाच नियम.”

“उचलून काय म्हणतो?”

“‘आहे’ म्हणतो. एका शब्दात काय माणूस ओळखणार?”

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. गेली दोन वर्षं त्या पोराची परवड चालली होती. बायको सोडून गेली, ट्रकची नोकरी सुटली, आता तो एका गोदामात रखवाली करायचा. पण चेहऱ्यावर हल्ली थोडी तुकतुकी आली होती खरी.

“मला वाटलंच होतं तुम्ही व्यवस्था केलीय,” ड्रायव्हर म्हणाला. “बरं केलंत, मास्तर. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसलो होतो. म्हटलं, वाजला नाही तर आपलंही संपलं. आणि वाजला. नवा माणूस चांगला आहे. काही खाल्लंस का विचारतो, अगदी त्याच्यासारखं. कुठून शोधलात?”

पोस्टमन कोपऱ्यात बसून पिशवीचा पट्टा चाळवत होता. त्यानं हळूच मान वर करून मास्तरांकडे बघितलं. तिघंही बघत होते. ‘मी कुणालाही नेमलेलं नाही’ हे वाक्य मास्तरांच्या ओठांवर आलं होतं, पण ड्रायव्हरच्या तोंडावरचं ते समाधान पाहून त्यांची जीभ उचलली नाही.

“आहे एक ओळखीचा,” ते म्हणाले.

४

मास्तर यंत्रांतला माणूस. यंत्र आपणहून बोलत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं, एवढी त्यांची श्रद्धा पक्की होती. आचाऱ्याचा फोन त्याच्या थोरल्या बहिणीकडे असणार आणि ती बिचारी भावाच्या मायेपोटी फेरा चालवत असणार, असा हिशेब त्यांनी रात्रीच मांडून ठेवला. बाईमाणसाचा आवाज ड्रायव्हरला आचाऱ्यासारखा कसा वाटेल, हा प्रश्न त्यांनी मागे ढकलला. शुक्रवारी साडेसहालाच ते तिच्या दारात उभे राहिले.

“या भाऊ,” बहीण म्हणाली. तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, शिलाईचं मशीन आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. मास्तरांनी फोनचं विचारताच तिनं मशीनचा खण ओढला. फोन तिथंच होता. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं.

“नंबर मी दुसऱ्याच महिन्यात बंद केला. कचेरीत जाऊन सही करून आले. का हो?”

“काही नाही. सहज.”

त्यांनी फोन हातात घेऊन उलटापालटा केला. आत सिमकार्डही नव्हतं. समोर भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात झाले. बहिणीसमोर उगीच तमाशा नको म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड करून शिंप्याला फोन लावला. आहेस ना, आहे. मग मेलेला फोन मांडीवर ठेवून ते खुर्चीत बसले आणि त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. काच काळीच राहिली. त्यांना हायसं वाटलं. म्हटलं, चला, शिंप्यालाच काहीतरी भास होतोय.

तेवढ्यात आतल्या स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण सरकलं.

मोठा आवाज नव्हता. कुणी उकळी बघायला झाकण थोडं बाजूला करावं, तेवढाच. मग चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा वाजला. चौकीवर हा आवाज आला की बाहेर बर्फात काम करणारे हातातलं टाकून आत धावायचे; मास्तरांच्या तोंडाला त्या क्षणी नकळत पाणी सुटलं. बहीण समोर बसली होती, हात मांडीवर, नजर खाली.

“आत कोण आहे, ताई?”

“रोज याच वेळेला होतं,” ती म्हणाली. “मी सकाळची आत जात नाही. सात वाजून गेले की जाते. नळात हवा भरत असेल, नाही का?”

“हो. नळांचं तसं होतं.”

मास्तर उठले आणि दारापर्यंत गेले. ओटा कोरडा. भांडी पालथी. गॅसच्या शेगडीवर काही नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, आणि कुणाच्या तरी बोलण्याची लय मात्र तिथं होती. शब्द नाहीत, फक्त लय. बंद दारामागून माणूस फोनवर कुणाला तरी समजावताना येते ना, तशी. ते दारातच थांबले. उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकायचं धैर्य त्यांना झालं नाही. मग त्यांच्या खिशात फोन वाजला. पोस्टमन. सहा बावन्न. फेरा पुरा झाला होता.

५

आता हे तोडायचं की चालू द्यायचं?

शुक्रवारचा दिवसभर मास्तर एका इस्त्रीचा तोच स्क्रू काढत आणि लावत होते. तोडणं सोपं होतं. शिंप्याला सांगायचं, उद्यापासून थेट ड्रायव्हरला लाव. पण तो पोरगा ज्याच्या भरवशावर अंडं उकडून खातो, तो आवाजच काढून घ्यायचा? त्या आवाजानं त्याला आठ महिने धरून ठेवलं होतं. मास्तरांना जे जमलं नव्हतं ते कुणीतरी करत होतं. आणि खरं सांगायचं तर, आचारी अजून कुठंतरी रस्सा ढवळतोय या विचारानं त्यांना भीतीइतकाच ओलावाही वाटला होता. चालतंय ते चालू द्यावं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी ड्रायव्हर गाळ्यावर आला. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, हातात पान्यांची पेटी. ती पेटी तो कुणाला हात लावू देत नसे.

“ही तुमच्याकडे ठेवा, मास्तर. तुमच्या कामाला येईल.”

“आणि तुला?”

“मला आता काय करायचीय?” तो हसला. मोकळं हसला. “उद्या सकाळी जेवायला बोलावलंय. बरेच दिवस बोलावतोय. म्हणतो, सगळ्यांची ताटं मांडलीत, तुझंच तेवढं रिकामं आहे. मी आज हो म्हणून टाकलं.”

मास्तरांनी हातातला स्क्रू खाली ठेवला.

“कोण बोलावतोय?”

“मास्तर, तुम्ही माणूस नेमला नव्हता, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” ड्रायव्हर समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

या वेळी मास्तरांनी चहा घेतला नाही. गाळ्याचं शटर अर्धं ओढून त्यांनी तिथल्या तिथं बाईंना फोन केला. बाई परगावी होत्या. “त्याला क्षणभर एकटं सोडू नका,” त्या म्हणाल्या. “तो काय करायचं म्हणतोय ते त्याला सरळ विचारा, घाबरू नका. घरातलं धोक्याचं सामान बाहेर काढा. मी उद्या दुपारपर्यंत पोचते आणि त्याला दवाखान्यात भरती करून घेते. तोवर निभलं नाही तर लगेच तिथल्या दवाखान्यात न्या.” मास्तरांनी ड्रायव्हरला सरळ विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. ते ऐकून मास्तर त्याचा हात धरून, भर बाजारातून, लहान मुलाला शाळेत न्यावं तसे त्याच्या खोलीवर घेऊन गेले. शिंपीही आला. त्यानं खोलीतलं नको ते सगळं पिशवीत भरून नेलं आणि पहाटे घरी जाऊन येतो म्हणाला, कारण फेऱ्याच्या वेळी आपण आपल्या जागी असलं पाहिजे ही त्याची समजूत. शिंप्याला ‘उद्या फोन लावूच नकोस’ हे सांगायचं मास्तरांच्या लक्षात राहिलं नाही. की त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही? पुढं ते स्वतःलाही हे विचारत.

६

रविवारी पावणेसातला मास्तरांनी शिंप्याला फोन लावला. सवयीनं बोट गेलं, एवढंच. ड्रायव्हर पलंगाच्या कडेला बसला होता. खोलीत एक पलंग, एक स्टूल, दोरीवर पँट. उन्हाचा पट्टा फरशीवर आला होता आणि खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल पुसत शीळ घालत होतं. इतक्या साध्या सकाळी काय वाईट व्हायचंय, असं कुणालाही वाटलं असतं.

सत्तेचाळीसला ड्रायव्हरचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं: आचारी.

ड्रायव्हरनं हात पुढं केला. मास्तरांनी त्याच्याआधी फोन उचलला आणि कानाला लावला. ‘आहेस ना’ आलं नाही. आधी नुसते आवाज आले. ताटं मांडल्याचे. जाड तळव्यांचे बूट फळकुटांवर आपटून बर्फ झाडल्याचे. तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. पुष्कळ माणसं एकदम बोलत होती, आणि त्यातले काही आवाज मास्तरांनी ओळखले. चौकीवरून परत न आलेल्यांचे ते आवाज होते. कुणीतरी खेचराची नक्कल केली. हशा उसळला. इतका ओळखीचा, इतका उबदार हशा की मास्तरांचे डोळे भरून आले. त्या हशात सगळ्यांच्या वर एकजण हसत होता, दम लागेपर्यंत, आणि शेवटी त्याला उचकी लागली.

मास्तरांनी फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

“काही खाल्लंस का, मास्तर?” आचाऱ्यानं विचारलं. त्याला कानावर फोन कुणी धरलाय ते सांगावं लागलं नव्हतं.

“मला उशीर झाला,” मास्तर म्हणाले. “त्या दिवशी. चाळीस मिनिटं. मी चहा पीत बसलो होतो. सगळ्यांना खोटं सांगितलं.”

पलीकडे चमच्यांचे आवाज थांबले. माणसं गप्प झाली. उचकी मात्र एकदा आली, दाबलेली.

“माहीत आहे,” आचारी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “म्हणून तर तुझं ताट झाकून ठेवलंय.”

“त्या पोराला बोलावू नकोस. तो लहान आहे.”

“मग तू येतोस?”

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता. मास्तरांना त्या क्षणी ‘हो’ म्हणावंसं वाटलं. दुःख म्हणून नव्हे. भूक लागल्यासारखं वाटलं.

“आज नाही,” ते म्हणाले.

“बरं,” आचारी म्हणाला. “उद्या तुला लावतो.”

७

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी चित्रकलेच्या खोलीत सगळं सांगितलं. चहाचे दोन कप, सात चाळीस, खोटं, कागद, सगळं. मग शिंपी म्हणाला, “मी त्या दिवशी त्याला फोन केला, तो उचलेना. मलाही तुझ्याकडे यायला हवं होतं. मी शटर उघडून कापड बेतत बसलो.” पोस्टमननं कबूल केलं की ड्रायव्हरचा फोन आला नाही तरी तो टपालाच्या फेरीला निघून गेला होता. आठ महिने तिघंही आपापला दगड गळ्यात बांधून एकमेकांच्या शेजारी बसले होते.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. फोनबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. खरं मानलं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. “कुणाला एकट्यानं ऐकावं लागणार नाही एवढं आपण बघू,” त्या म्हणाल्या. ड्रायव्हर दवाखान्यात होता, औषधं चालू झाली होती, आणि भेटीच्या वेळेत तिघं पाळीनं त्याच्याजवळ बसत होते.

बैठक सुटल्यावर सगळे गाळ्यावर गेले. मास्तरांनी कपाट उघडलं आणि आचाऱ्याच्या नावावर काट मारली. पेन दोनदा अडखळलं. शिंप्यानं त्यांचा हात धरला नसता तर रेघ अर्धीच राहिली असती.

८

आता तीन महिने होत आले. ड्रायव्हर घरी आला आहे. गोदामाची रखवाली सोडून तो मास्तरांच्या गाळ्यावर काम शिकतोय, आणि पान्यांच्या पेटीला पुन्हा कुणाला हात लावू देत नाही. फेरा एकोणपन्नासला परत येतो. मग बावन्नला मास्तरांचा फोन वाजतो.

त्या वेळी ते एकटे नसतात. पाळी लावलेली आहे. कधी शिंपी येतो, कधी पोस्टमन, पण बहुतेकदा ड्रायव्हरच. मास्तरांची बायको दोघांपुढं पाव आणि अंडी ठेवते, आणि मास्तर दोन घास खाल्ल्याशिवाय ड्रायव्हर त्यांना फोनला हात लावू देत नाही. सुरुवातीला एकदा सगळ्यांचं ठरलं की फोन उचलायचाच नाही. मास्तरांनी तो वाजू दिला. बराच वेळ वाजला आणि थांबला. मग ड्रायव्हरच्या खिशात वाजू लागला. पोराचं तोंड एकदम उजळलं. ते उजळलेलं तोंड पाहून मास्तरांच्या बायकोनं हातातली बशी खाली ठेवली. त्यानंतर मास्तर रोज उचलतात.

ते काय ऐकतात, हे कुणी विचारत नाही. बायकोनं मात्र एकदा विचारलं, आणि मास्तर म्हणाले, “मी हसतोय तिथं.” ती आत जाऊन रडली.

आज ड्रायव्हरची पाळी होती. बावन्नला फोन वाजला. मास्तरांनी घास गिळला, फोन कानाला लावला आणि खिडकीबाहेर पाहू लागले. रस्त्यावर दूधवाल्याच्या कॅन उतरत होत्या. मास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते तरुणपणचं काहीतरी पसरू लागलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. ड्रायव्हरनं खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचं मनगट धरलं. “मास्तर,” तो म्हणाला. “मास्तर, मी इथं बसलोय.” त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली.

“आज नाही,” मास्तर शेवटी म्हणाले.

त्यांनी फोन खाली ठेवला आणि ताटातलं अंडं उचललं. ड्रायव्हरनं मनगट सोडलं नाही. ‘आज नाही’ म्हणायला मास्तरांना कालच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता, आणि परवाच्यापेक्षा काल जास्त लागला होता, हे त्यानं भिंतीवरच्या मोठ्या आकड्यांच्या घड्याळात पाहिलं होतं.